कँडीहून एका दिवसात: दोन जुनी देवळं, रांबोड्याचा मारुती आणि चहाचे डोंगर

श्रीलंकेतल्या कँडीहून चहाच्या डोंगरात जायचं ठरवलंत तर पहिली गोष्ट, सोमवार टाळा. रविवारी मळ्यांत खुडणी नसते. त्यामुळे सोमवारी कारखान्यात नवं पान आलेलं नसतं आणि यंत्रं बंद असण्याची शक्यता मोठी. मी पहिल्यांदा नवऱ्याबरोबर गेले तो नेमका सोमवार होता. नऊला निघालो, यादीत आठ ठिकाणं होती. चहाच्या कारखान्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते, आणि यंत्रांवर ताडपत्र्या होत्या. सीताएलियाला, सीतेच्या देवळापाशी, धुकं इतकं दाट की गोपुराचा वरचा भाग दिसला नाही. पुढे सगळा घाट अंधारात उतरलो.

दुसऱ्यांदा गेले ती आईला घेऊन. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, डावा गुडघा दुखरा, आणि वळणांवर तिला गाडी लागते. त्या दिवशी आठातली मोजकीच ठिकाणं ठेवली आणि दिवस मनासारखा गेला. तोच आराखडा इथे देते.

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवावी. जिथे उतरला असाल त्या घरमालकांना सांगितलंत तर ते ओळखीचा चालक मिळवून देतात. बोलताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: पूर्ण दिवसाचे किती श्रीलंकन रुपये, त्यात किती किलोमीटर, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि त्याचं जेवण कोणाकडे. हा फेरा १७० ते १८० किलोमीटरचा होतो, म्हणून दोनशेची हद्द मागून घ्यावी. पाचवी गोष्ट तोंडी पण स्पष्ट सांगायची: वाटेत मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं नकोत. पहिल्या वेळी अशा दोन थांब्यांत आमचा दीड तास गेला होता. आधी सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर त्याच बोलण्यात घाटरस्ता सुरू आहे का हेही विचारा, या डोंगरांत दरडी कोसळतात. आमचा चालक माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला 'अय्या' म्हणत होते. सिंहलीत थोरल्या भावाला अय्या आणि धाकट्याला मल्ली म्हणतात. आईला तो पहिल्यापासून 'अम्मा' म्हणाला.

कपड्यांचं आधी पाहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरं किंवा फिकं असेल तर उत्तम. देवळात चपला आणि टोपी काढायची. मोजे चालतात आणि ते न्याच, कारण उन्हात तापलेल्या खडकावर अनवाणी चालणं कठीण जातं. एक नियम मात्र कडक आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फीसुद्धा नाही. तिथल्या लोकांना ते मनापासून लागतं. पिशवीत एक स्वेटर आणि छत्री असू द्या. कँडी साधारण पाचशे मीटरवर, आणि दुपारी जिथे पोचायचं ते डोंगरातलं गाव नुवारा एलिया १८६८ मीटरवर. सकाळी घाम पुसत निघालेला माणूस दुपारी शाल शोधतो.

सात वाजता कँडी सोडायची आणि थेट लंकातिलक विहाराकडे निघायचं. कँडीच्या नैर्ऋत्येला गडलादेणिया, लंकातिलक आणि एंबेक्के ही तीन देवळं जवळजवळ आहेत. गंपोळा राजधानी होती त्या चौदाव्या शतकातली. तिन्ही एका सकाळी पाहून पुढे घाट चढायचा म्हटलं तर दमणूक होते, म्हणून मी गडलादेणिया सोडते. दगडी कामाची आवड असेल तर मात्र ते ठेवून लंकातिलक सोडा, कारण गडलादेणियाची घडण दक्षिण भारतीय देवळांसारखी आहे.

लंकातिलक उघड्या खडकाच्या माथ्यावर उभं आहे. १३४४ साली, चौथ्या भुवनेकबाहू राजाच्या काळात बांधलेलं. खडकातल्या पायऱ्या चढताना आईने तीन वेळा दम घेतला, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. दार बंद दिसलं तर परत फिरू नका, आवारातल्या कोणालाही विचारा, किल्ली येते. आत पूर्वेच्या बाजूला मोठी बुद्धमूर्ती आहे. ती पाहून बहुतेक जण निघतात. तुम्ही भिंतीच्या कडेने मागे वळा. त्याच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला देवांच्या खोल्या आहेत, त्यांत गणपती आहे, कार्तिकेय आहे आणि बिभीषणही आहे. आपल्याकडे 'घरका भेदी' म्हणून ज्याचं नाव घेतात, तो सिंहली लोकांचा रक्षणकर्ता देव आहे. आई त्या दारापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "ह्यांच्याकडून बघितलं तर तोच राहिला ना मागे, घर सांभाळायला." बाहेर खडकावर जुना शिलालेख आहे, सिंहलीतही आणि तमिळमध्येही.

तिथून एंबेक्के देवालय अगदी जवळ. हे कार्तिकेयाचं स्थान, तिथे त्याला कतरगम देव म्हणतात. इथे देवळाइतकाच त्याच्या पुढचा मंडप बघायचा. जुन्या काळी वादक तिथे बसत. लाकडी खांब, आणि प्रत्येक खांबाच्या चौकोनी भागावर चारी बाजूंनी कोरलेली चित्रं. झुंजणारे मल्ल, नाचणारी बाई, लेकराला पाजणारी आई, एकमेकांत मान गुंतवलेले हंस. आपल्या गडांच्या दरवाजांवर दिसतो तो दोन डोक्यांचा गंडभेरुंडही आहे, तो नक्की शोधा. एकाच खांबापाशी उभं राहून चारी बाजू बघायच्या, मग दुसरा. घाईने सगळा मंडप फिरलात तर काहीच लक्षात राहणार नाही. निघण्याआधी मंडपाच्या टोकाला जाऊन मान वर करा. छपराचे २६ वासे एका जाड लाकडी खुंटीत येऊन अडकलेत. तिला मदोल कुरुपाव म्हणतात. सुताराचा मुलगा असलेले माझे वडील आज असते तर त्या खुंटीखालून लवकर हलले नसते. या दोन्ही ठिकाणी परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे, सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

साडेनवाला एंबेक्के सोडलंत की गंपोळ्यापाशी ए-५ रस्ता लागतो आणि पुस्सेल्लावापासून चढण खरी सुरू होते. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा, नाश्ता हलका ठेवा, आल्याची वडी हाताशी द्या. आई खिडकी उघडी ठेवून लांबच्या डोंगराकडे बघत बसली आणि वर पोचेपर्यंत तिला काही झालं नाही.

हे डोंगर आधी कॉफीचे होते. १८६९ च्या सुमारास कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफी बसली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६७ मध्ये, जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने कँडीजवळच्या लूलकंदेरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला होता. तो तरला आणि सगळीकडे पसरला.

रांबोड्याला चिन्मय मिशनने बांधलेलं हनुमानाचं देऊळ आहे. सीतेला शोधायला आलेला मारुती या डोंगरांत हिंडला अशी तिथली श्रद्धा. वर जायचा चढ तीव्र आहे, गाडी जितकी वर जाईल तितकी न्यायला सांगा. उंच उभा मारुती, स्वच्छ आवार, आणि समोर खाली कोत्मले धरणाचं पाणी. आईने तिथे बसून मारुतीस्तोत्र पूर्ण म्हटलं. शेजारी एक तमिळ कुटुंब होतं, ते हात जोडून ऐकत राहिलं. इथे अर्धा तास तरी द्या. रांबोड्याचा १०९ मीटरचा धबधबा रस्त्यावरून दिसतो, त्यासाठी वेगळं खाली उतरायची गरज नाही.

बाराच्या आत चहाच्या कारखान्यात. या रस्त्यावर लाबुकेलीसह दोन-तीन मळ्यांत पाहुण्यांना कारखाना दाखवतात. एकच निवडा. मुतारीची सोयही इथे सगळ्यांत चांगली, सोबत वयस्कर माणूस असेल तर हे महत्त्वाचं. माहिती सांगणारी मुलगी पाठ केलेलं भराभर बोलते, पण थांबवून विचारलं की आनंदाने सांगते. आधी सुकवणीचे लांब हौद बघा. खालून वारा सोडून पान रात्रभर मऊ करतात. आईने परवानगी विचारून त्यातलं मूठभर पान हातात घेतलं. कच्चं पान बोटात मोडतं, हे मात्र ओल्या सुती रुमालासारखं दुमडत होतं. पुढे ते यंत्रात वळतात, पानाचा रस बाहेर येतो, हवा लागते आणि हिरवा रंग जाऊन तांब्याचा येतो. त्या जागी नाक उघडं ठेवा. वाळलेल्या गवताचा वास जाऊन पिकल्या फळासारखा वास यायला लागतो, तो अगदी थोडा वेळ टिकतो आणि नेमका तेव्हाच चहा भट्टीत घालायचा असतो. शंभर किलो पानातून वीस-पंचवीस किलो चहा निघतो.

विकत घेताना एक लक्षात ठेवा. बाराशे मीटरच्या वरचा चहा रंगाला फिका आणि वासाला नाजूक असतो. आपल्यासारखं दूध-साखर घालून उकळलात तर त्याचं काहीच उरत नाही. पुड्यावर पानाच्या आकाराप्रमाणे प्रत लिहिलेली असते. कोऱ्या चहासाठी मोठ्या पानाचा ओपी किंवा बीओपी घ्या, कपाला एक लहान चमचा, उकळतं पाणी ओतून तीन-चार मिनिटं झाकायचं. दुधाच्या चहासाठी बारीक, म्हणजे बीओपीएफ किंवा डस्ट मागा, आणि जमलं तर सखल भागातला, सहाशे मीटरखालचा. तो कडक उतरतो.

मळ्यात बायका पान खुडत असतात. दोन पानं आणि एक कळी, पाठीवर पिशवी, चिखलाचा उतार. कृपा करून न विचारता कॅमेरा समोर धरू नका. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून इथे मजुरीला आणले गेले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमाव बंडारनायके यांच्या करारानंतर लाखोंना भारतात जावं लागलं, आणि उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडलं. २०२१ मध्ये त्यांची दिवसाची मजुरी एक हजार श्रीलंकन रुपये ठरली, तीही बऱ्याच झगड्यानंतर. आपण कौतुकाने बघतो त्या हिरव्या उतारावर या बाया दिवसभर उभ्या असतात. 'वणक्कम' म्हणा, हसा, त्या हसल्या तर फोटोचं विचारा. फोटोसाठी पैसे मागितले तर कुरकुर न करता द्या.

जेवण नुवारा एलियात, दीडच्या सुमारास. शाकाहारी असाल तर तीन शब्द पाठ करा: "मस एपा, मालु एपा, उंबलकड एपा." मांस नको, मासे नकोत, आणि सुक्या मासळीचा चुराही नको. हा तिसरा शब्द विसरलात तर नारळाच्या चटणीतून, म्हणजे पोल संबोलातून, मासळी पोटात जाते. भात, परिप्पु म्हणजे डाळ, आणि दोन भाज्या सहज मिळतात. ग्रेगरी तलाव गाडीतूनच बघा. एप्रिलच्या मध्यात, तिथल्या नववर्षाच्या सुट्टीत, या गावात गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा येऊच नका.

तिथून बदुल्ल्याच्या रस्त्याने पाच किलोमीटरवर सीताएलिया. रस्त्यालगत सीता अम्मन कोविल, रंगीत गोपुर, मागे दाट झाडीचा डोंगर. हीच अशोकवाटिका असं मानतात. देवळाशेजारून ओढा वाहतो आणि त्याच्या खडकात खळगे आहेत, ती हनुमंताची पावलं असं पुजारी सांगतात. मे २०२४ मध्ये इथल्या कुंभाभिषेकासाठी अयोध्येहून शरयूचं पाणी आलं होतं. माकडं पुष्कळ आहेत, प्रसादाची पिशवी पदराखाली धरा. ओढ्याकाठचा खडक शेवाळलेला असतो, वयस्कर माणसाचा हात सोडू नका. आई खाली उतरली नाही. वरूनच तिने ओटीचा खण पुजाऱ्यांकडे दिला, तो तिने घरून बांधून आणला होता आणि मला सांगितलंही नव्हतं.

सव्वातीनला परतीला लागा. दुपारनंतर धुकं खाली येतं आणि घाटात समोरची बस अगदी जवळ आल्यावर दिसते. वाटेत पुस्सेल्लावाला चहासाठी थांबा, चालकालाही विश्रांती मिळते. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर सुट्टी असते. त्या दिवशी देवळांत माणसं मावत नाहीत आणि रस्त्यावरही गर्दी, त्यामुळे वेळेचं हे गणित एक-दीड तासाने चुकेल.

सहाच्या आसपास कँडीत पोचता. अंगात त्राण असेल तर खोलीवर न जाता चालकाला दळदा मालिगावापाशी, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या देवळापाशी, सोडायला सांगा. साडेसहाला संध्याकाळची पूजा असते. बाहेरून कमळं घ्या, सुरक्षेच्या रांगेतून आत जा आणि ढोल वाजायला लागायच्या आधी वरच्या मजल्यावर पोचा. दंतधातूची पेटी ज्या खोलीत आहे तिच्या दारापुढून रांग सरकत असते, थांबू देत नाहीत. फूल हातात तयार ठेवा. आईने पुढे होऊन ते कठड्यावर ठेवलं तेव्हा मागच्या सिंहली आजीबाईंनी तिचा हात धरून तिला पायरी उतरवली.