शेवंड घालून भाजलेले मॅकरोनी-चीज

जळगाव-धुळ्याकडे शेवंड बहुधा गोठवलेलीच मिळते, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असताना ती ओट्यावर ठेवून वितळवणे धोक्याचे असल्याने आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. कवचासह उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटेच ठेवून मांस काढावे. ते किंचित कच्चे राहिले तरी चालते, कारण उरलेले शिजणे ओव्हनमध्ये होते, आणि आधीच पूर्ण शिजवलेली शेवंड भाजल्यावर रबरासारखी चिवट होते. २०० ग्रॅम मॅकरोनीही पाकिटावरील वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी उतरवावी.

३० ग्रॅम लोण्यात तितकाच मैदा मंद आचेवर परतून त्यात अर्धा लिटर कोमट दूध थोडे थोडे घालत ढवळावे आणि सॉस दाटल्यावर आच बंद करूनच किसलेले २०० ग्रॅम चेडर मिसळावे, कारण उकळत्या सॉसमध्ये चीज फुटून तेल सोडते. काळ्या मसाल्याचा मोह मात्र आवरावा. त्यापुढे शेवंडीची गोडसर चव उरत नाही, चिमूटभर जायफळ पुरते. सर्व एकत्र करून, वर पावाचा चुरा पसरून १९० अंश सेल्सिअसवर सुमारे २० मिनिटे, चुरा तांबूस होईपर्यंत भाजावे.