अलॉय व्हील फुटपाथला घासलं? आधी पॉलिश पेपर खाली ठेवा

खर्रर्र असा तो आवाज एकदा ऐकला की पोटात गोळाच येतो. सोसायटीच्या गेटातून डावीकडे वळायचं, पुढचं चाक छान निघालं म्हणून आपण निवांत, आणि मागचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, थोडी आतून कापत जातात, त्यात क्लीनर साइड ड्रायव्हरला धड दिसत नाही, त्यामुळे मागचं डावं चाकच बहुतेक वेळा मार खातं. रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मधे गाडी घुसवताना मात्र पुढचं डावं जातं. माझी दोन्ही झालीत, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी शहाणपणा केला. रविवारी सकाळी हार्डवेअरवाल्याकडून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि ओरखडा घासायला बसलो, अर्ध्या तासात ओरखडा गेला आणि त्याच्या जागी तळहाताएवढा पांढुरका डाग आला. चाक डायमंड कट (म्हणजे लेथवर तासून चमकवलेलं) होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. म्हणून सांगतोय, पेपर हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा: नुसतं कातडं सोललंय की हाडाला लागलंय, आणि चाक कुठल्या प्रकारचं आहे.

आधी चाक शाम्पूच्या पाण्याने स्वच्छ धुवा. आपल्याकडे फुटपाथची कड काळी-पिवळी रंगवलेली असते, त्यातला बराच रंग चाकाला चिकटून येतो आणि ओरखडा आहे त्यापेक्षा भयंकर दिसतो. वाळल्यावर त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो नुसता वरचा रंग किंवा क्लिअर कोटवरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरचा चरा, जुन्या बनियनच्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन घासलं की बहुतेक निघून जातं, आणि मग पुढचं काही वाचायची गरज नाही. नख अडकलं तर धातूपर्यंत गेलंय.

मग टायर बघा, आणि हे रंगाच्या आधी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का, कापलंय का, आतले दोरे दिसतायत का? फुगा असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच, पंक्चरवाला काहीही म्हणो. रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर हवा जातेय. ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल तर रिम वाकलेलं असू शकतं किंवा बॅलन्सिंग गेलंय. आणि रिमला केसाएवढी जरी चीर दिसली तरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचा नाही. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचं ओतीव काम, ते लोखंडी रिमसारखं ठोकून सरळ होत नाही, जास्त ताण आला की तडकतं. वेल्डिंग करून देणारे भेटतात पण माझ्या घरच्यांना मी तसल्या चाकावर एक्सप्रेसवेला नेणार नाही. चीर असेल तर चाक भंगारात, विषय संपला.

आता प्रकार. सगळं चाक एकाच रंगाचं असेल, सिल्व्हर, ग्रे किंवा काळं, तर ते पेंट केलेलं आहे आणि घरी जमण्यासारखं आहे. पण आतली बाजू काळी आणि समोरचा भाग चकचकीत धातूसारखा, नीट बघितलं तर त्यावर जुन्या रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेषा, हे डायमंड कट. हल्ली वरच्या मॉडेलला ड्युअल टोन म्हणून हेच येतं. ही चमक रंगाची नसतेच. लेथवर चाकाचा चेहरा तासून उघडं ॲल्युमिनियम ठेवलेलं असतं आणि त्यावर फक्त पारदर्शक क्लिअर कोट. त्यामुळे त्याला पेपर लावला की रेषा गेल्या, आणि त्या रेषा हाताने परत येत नाहीत, मी प्रयत्न करून बसलोय. त्याला दोनच रस्ते. एक, ज्यांच्याकडे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) लेथ आहे त्यांच्याकडून परत कट करून घ्यायचं, पण दर वेळी धातूचा पापुद्रा जातो त्यामुळे एका चाकाचं हे मोजक्या वेळाच होतं, आणि आधी कधी केलंय का हे ते विचारतील तेव्हा खरं सांगा. दुसरा, डायमंड कटचा नाद सोडून चारही चाकं एका रंगात करायची. मी शेवटी दुसरं केलं, गनमेटल ग्रे, आणि खरं सांगू का, चिखलात ते जास्त बरं दिसतं.

बरं, डायमंड कटचा ओरखडा छोटा असेल आणि लगेच काही करायचं नसेल तरी उघडा ठेवू नका. उघड्या ॲल्युमिनियमला हवा-पाणी लागलं की क्लिअर कोटच्या खालून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात, कोकणात, मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेत तर अजून लवकर. स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, बारीक ब्रशने क्लिअरचा एक हात मारून ठेवा. दिसायला काही फरक पडत नाही, पण रोग पसरत नाही.

इन्शुरन्सचं सगळे विचारतात. एका ओरखड्यासाठी क्लेम करू नका. कंपल्सरी डिडक्टिबल १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावर २०००, ते खिशातून जातात, आणि वर नो क्लेम बोनस (प्रीमियमवरची सूट) जातो, जो पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. चाक फुटलं, सस्पेन्शनला लागलं, तर गोष्ट वेगळी.

आता घरचं काम, पेंट केलेल्या चाकाचं. पावसाळ्यात करू नका. दमट हवेत क्लिअर कोट दुधासारखा पांढरा पडतो, आषाढात मारलेला रंग श्रावणात परत मारावा लागतो. दिवाळी ते होळी हा बेस्ट काळ, सकाळी ऊन चढल्यावर पण चाक सावलीत ठेवून.

चाक काढूनच करा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक, आणि बाकीच्या चाकांना दगड. दोन दिवस गाडी स्टेपनीवर राहील, स्टेपनी बारकी असेल तर तिच्यावर ८० चा स्टिकर असतो तो पाळा. चाक आडवं ठेवून टायरमधली थोडी हवा सोडा आणि टायर व रिमच्या फटीत पत्ते खोचत जा, एकावर एक थोडे चढवून. १६ इंची चाकाला अर्धा कॅट पुरतो. टेपपेक्षा शंभर पट सोपं, कारण रिमची कड पूर्ण उघडी राहते आणि टायरवर रंग जात नाही. व्हॉल्व्हला टेप लावा. नट जिथे बसतात ती भोकं आणि मागचा हबला टेकणारा भाग, इथे रंग अजिबात जाऊ द्यायचा नाही, तिथे रंगाचा थर आला तर तो नंतर दबतो आणि नट सैल होतात.

कडेवर धातू उचलून धारदार झालेला असतो, तो बारीक कानशीने बसवा, बोट सांभाळा. मग २४० चा पेपर, खड्डा आणि आजूबाजूचा रंग असा उतरता करा की बोटाला पायरी लागू नये, वरून ४०० चा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळा निकाल इथेच ठरतो. रंग खड्डे लपवत नाही, उलट दाखवतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेलसुद्धा नडतं.

खोल खड्ड्याला बॉडीची टू-पार्ट लांबी. सुपारीएवढ्या लांबीला हरभऱ्याएवढं हार्डनर, जास्त घातलं तर हातातच दगड होतो. पातळ हात द्या, गरज वाटली तर वाळल्यावर दुसरा. घासताना कोरडंच घासा, लांबी पाणी पिते आणि नंतर रंगाखाली फोड येतात. वॉटर पेपर प्रायमरनंतर.

प्रायमर दुकानदार रेड ऑक्साइड हातात ठेवेल, ते लोखंडाचं, घेऊ नका. ॲल्युमिनियमवर चालणारा इपॉक्सी प्रायमर मागा. एचिंग प्रायमर उघड्या ॲल्युमिनियमला चांगला धरतो पण त्यात ॲसिड असतं, लांबीवर मारू नका. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे चाकाचा फोटो दाखवला की बरोबर शेड काढून देतात.

स्प्रेचा डबा चांगला दोन मिनिटं हलवा, पहिला फवारा पुठ्ठ्यावर, मग २०-२५ सेंटीमीटर लांबून, हात चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. प्रायमरचे दोन पातळ हात, वाळू द्या, ८०० च्या वॉटर पेपरने हलकं घासा, पुसा. मग रंगाचे तीन पातळ हात, मधे दहा-दहा मिनिटं. एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. आणि सिल्व्हरला फक्त डाग रंगवू नका, त्यातले चकाकणारे कण ओलसर फवाऱ्यात वेगळे बसतात आणि कोरड्यात वेगळे, त्यामुळे तोच डबा असूनही ठिगळ दिसतं. पूर्ण चेहरा रंगवा.

शेवटी क्लिअर. साधा क्लिअर स्वस्त आहे पण पेट्रोल लागलं की मऊ पडतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा क्लिअर टिकतो, मात्र त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, त्यामुळे रुमाल किंवा कोविडवाला मास्क चालणार नाही, केमिकल कार्ट्रिजवाला मास्क आणि मोकळी जागाच हवी, नाहीतर तेवढं काम पेंटरला द्या. डब्याखालची पिन एकदा दाबली की हार्डनर आत मिसळतो आणि एक-दोन दिवसात तो संपवावा लागतो, म्हणून दोन चाकं करायची असतील तर एकत्रच. हाताला अर्ध्या तासात वाळल्यासारखं वाटतं पण एक आठवडा प्रेशर वॉशला नेऊ नका.

एवढा उपद्व्याप नको असेल तर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवणं. पुण्याजवळ भोसरी, चिंचवडकडे करणारे बरेच आहेत. चाक साधारण १८०-२०० डिग्रीच्या भट्टीत जातं त्यामुळे टायर, व्हॉल्व्ह, प्रेशर सेन्सर सगळं आधी उतरवून. नटाची भोकं मास्क करणार का आणि जुना रंग पूर्ण काढणार का, हे दोनच प्रश्न विचारा, उत्तर टाळलं तर दुसरा बघा. माझ्या एका मित्राला असंच चकाचक करून दिलं, महिन्याभरात हवा जायला लागली, टायर उतरवला तर रंगाखाली चीर निघाली. म्हणून रंग उतरवल्यावर आणि नवा मारायच्या आधी एकदा स्वतः जाऊन बघा.

बसवताना नट हाताने लावून मग तिरके-समोरासमोर आवळायचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला), आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा बघायचे. टायर उतरवला असेल तर बॅलन्सिंग करून घ्या, आणि क्लिपची वजनं नको, आतून चिकटवायची द्या म्हणा, क्लिप ठोकताना नव्या रंगाच्या कडेला लगेच टवका जातो.

बाकी मी आता पार्क करताना डावा आरसा एवढा खाली करतो की मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही दिसतात. मग आरसा परत वर करायचा विसरतो, ते वेगळं.