होमस्टेवर नवा टॅक्स येणार म्हणे? मग आधी हे करा

गणपती झाले आणि आमच्या दापोलीकडच्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर एका नोटिशीचा फोटो फिरायला लागला. गावात मुक्कामाला येणाऱ्या पर्यटकांवर माणशी एका रात्रीचे ३० रुपये लावायचा ग्रामपंचायतीचा विचार आहे, हरकती असतील तर कळवा, एवढंच होतं त्यात. तासाभरात दोनशे मेसेज. कोण म्हणे जीएसटी वाढला, कोण म्हणे एअरबीएनबीवरून नाव काढा, एक काका तर म्हणाले आता सगळं कॅशमध्येच घ्यायचं. माझ्या चार खोल्या आहेत, सात वर्षं चालवतेय, आणि दरवेळी हेच बघते, बातमी एका टॅक्सची असते आणि लोक घाबरतात दुसऱ्याच टॅक्सला.

म्हणून पहिलं काम, टॅक्स लावतंय कोण ते बघा. जीएसटीचे दर जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतात, तिथे तुमचा-आमचा अर्ज जाऊन काही हलत नाही, दर समजून घ्यायचे आणि आपले रेट लावायचे. पण पर्यटक कर, घरपट्टी हे गावातलं काम. महाबळेश्वरला नाक्यावर पावती फाडतात तो प्रवासी कर नगरपरिषदेचा असतो, तसंच हे. इथे प्रस्ताव असतो तेव्हाच बोलायचं, ठराव होऊन पावतीपुस्तकं छापून आली की मग नुसतं चहाच्या टपरीवर बोलायला उरतं.

आता जीएसटी, कारण गोंधळ सगळा तिथेच आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणीची सक्ती नाही, आणि एअरबीएनबीसारख्या ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी ते ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. थेट फोनवरून आलेल्या बुकिंगवर मग जीएसटी नाही. पण नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लिहून पैसे घेऊ नका हं, तो गुन्हा आहे आणि मी हे करणारे बघितलेत. २० लाख म्हणजे नफा नव्हे, आलेले सगळे पैसे, आणि एका पॅनवरचे सगळे, म्हणजे पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल किंवा नाक्यावर दुकान असेल तर तेही त्यात. ओलांडले की ३० दिवसांत नोंदणी, ॲपला नंबर कळवायचा, आणि तिथून पुढे टॅक्स तुम्ही भरायचा, फोनवरच्या बुकिंगचासुद्धा.

दर किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा दिवसाचा दर ७५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, आधी १२ होता. ७५०० च्या वर १८ टक्के. आणि इथेच लोक फसतात. ७५०० ला खोली दिली तर पाहुण्याला ३७५ रुपये टॅक्स, एकूण ७८७५. थर्टी फर्स्टला जरा जास्त मिळतील म्हणून ७६०० लावले तर टॅक्स १३६८, एकूण ८९६८. तुमच्या हातात शंभर जास्त आणि पाहुण्याच्या खिशातून जवळजवळ अकराशे जास्त, आणि तो शेजारच्याकडे जातो. तेव्हा एकतर ७५०० ला थांबा नाहीतर सरळ ९००० ची खोली असल्यासारखी सोय द्या, मधलं काही ठेवू नका. एसीचे ५०० वेगळे दाखवून दर खाली आणायची आयडिया पण चालत नाही, खोलीतल्या सोयींचे पैसे खोलीच्या दरातच धरतात. ५ टक्केवाल्यांना गाद्या, गिझर, रंगकाम यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या भरायच्या टॅक्समधून तो वजा करणं, आता मिळत नाही, नोंदणी असलेल्यांनी तो खर्च हिशोबात धरावा. पूर्ण बंगला एकत्र देत असाल तर सीएला नक्की विचारा.

टीडीएसचं, म्हणजे आपले पैसे देतानाच आधी कापल्या जाणाऱ्या इन्कम टॅक्सचं, थोडक्यात. ॲप ०.१ टक्का कापतं, तो आपल्याच नावावर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो. पॅन दिला नाही तर ५ टक्के कापतात, तेव्हा पॅन द्या.

आता गावातला प्रस्ताव. आधी नोटीस स्वतः वाचायला जा, फोटोत खालची अर्धी कापलेली असते (आमच्याकडे शेवटची तारीखच कापलेली होती). तीन गोष्टी शोधा: कर माणशी की खोलीमागे की गाडीमागे, गोळा कोण करणार, आणि पैसे कशाला वापरणार. मग स्वतःचा आकडा काढा. माझ्या ४ खोल्या वर्षात साधारण १२० रात्री भरतात, खोलीत सरासरी तिघं, म्हणजे १४४० माणसं, गुणिले ३०, झाले ४३,२००. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला कळलं की मला ३० रुपये फार त्रास देणार नाहीत, पाहुणा देईल ते. त्रास आहे तो रोज रात्री नावं लिहून पावत्या फाडायचा, आणि सकाळी येऊन किनाऱ्यावर गाडी फिरवून, बाटल्या टाकून संध्याकाळी परत जाणाऱ्यांना काहीच नाही याचा.

तेच हरकतीत लिहिलं. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलं की फायलीत जातं. मी लिहिलं की कर मुक्कामावर न लावता किनाऱ्याच्या पार्किंगला गाडीमागे लावा म्हणजे एकदिवसाचे पर्यटकही त्यात येतील, लहान मुलांना सूट द्या, आणि जमा किती झाले न् कचरागाडीला किती गेले ते दर ग्रामसभेत वाचून दाखवा. चौदा जणांनी सह्या केल्या. कॅशवाल्या काकांनी पण केली. त्यांचं कॅशचं मला पटत नाही ते वेगळं, रिटर्नमध्ये उत्पन्नच दिसत नसल्याने मागच्या वर्षी त्यांना बाथरूमसाठी बँकेने कर्ज दिलं नव्हतं.

तोवर एक छोटी गोष्ट करून ठेवा. पुढच्या सीझनच्या प्रत्येक कन्फर्मेशन मेसेजमध्ये एक ओळ टाका: "मुक्कामाच्या वेळी ग्रामपंचायतीचा पर्यटक कर लागू झालेला असल्यास तो वेगळा घेतला जाईल." नाहीतर डिसेंबरचं बुकिंग ऑगस्टच्या रेटने घेतलेलं असतं आणि कर आपल्या खिशातून जातो.

अर्ज दोन प्रतीत न्या, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. मला शिक्का बाहेर गेलाय, उद्या या, असं सांगितलं. मी बाकावर बसले. वीस मिनिटांनी शिक्का ड्रॉवरमध्येच सापडला.