टाकीत पाळलेल्या समुद्रघोड्याच्या शेपटीवर पांढरा चट्टा दिसला तर काय करावं?

समुद्रघोडा आणि त्याचा नळीसारखा लांब भाऊबंद पाइपफिश यांच्या अंगावर खवले नसतात. हाडांच्या कड्यांवर ताणून बसलेली पातळ कातडी, एवढीच. ती खरचटली की व्हिब्रिओ जिवाणूंना वाट मिळते. हे जिवाणू खाऱ्या पाण्यात बाराही महिने असतात आणि धडधाकट माशाला सहसा काही करत नाहीत. पाणी तापलं किंवा घाण साचली की तेच त्याच्या जिवावर उठतात. म्हणून औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी थर्मामीटर बघा.

सुरुवात बहुधा शेपटीच्या टोकाकडे होते, जिथे मासा फांदीला वेटोळं घालतो. कातडी आधी पांढुरकी दिसते, मग सुटायला लागते आणि आतलं मांस उघडं पडतं. दुसरी जागा तोंडाची नळी: ती सुजते, टोक झिजतं. मासा मायसिसवर (कोळंबीसारखे बारीक जीव, हेच त्याचं खाणं) नजर रोखतो, मान पुढे काढतो, पण घास आत ओढत नाही. एवढं दिसलं तरी त्याच दिवशी कामाला लागा. परजीवींमुळेही असेच चट्टे पडतात, त्यामुळे माशांच्या डॉक्टरांकडून कातडीचा नमुना तपासून घेतलेला बरा.

प्रथम पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. मग आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवा: तळाला वाळू नको, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड हवा आणि धरायला प्लॅस्टिकची फांदी हवी. पाणी जुन्या टाकीच्याच तापमानाचं नि खारेपणाचं ठेवा. जाळी वापरू नका. हातमोजा घालून पाण्यातच हात पुढे करा, शेपटी बोटाला गुंडाळू द्या. फांदीला घट्ट धरली असेल तर ओढू नका, नाहीतर नवी जखम व्हायची.

आता तापमान. माझ्या मते अर्धा उपचार इथेच आहे. इरेक्टस, रीडी अशा उष्ण प्रदेशातल्या जातींना एरवीही २२ ते २३ अंश सेल्सिअस मानवतं. आजारात दिवसाला साधारण एक अंश या बेताने २० पर्यंत उतरवा. गारव्यात व्हिब्रिओची वाढ मंदावते. एकदम बर्फ टाकू नका. तो धक्काच माशाला भोवतो. थंड पाण्यातल्या अ‍ॅब्डॉमिनॅलिस जातीला हे आकडे लागू नाहीत.

प्रतिजैविक कोणतं आणि किती, हे डॉक्टरांना ठरवू द्या. शक्य असेल तर जखमेतल्या जिवाणूंचं कल्चर करून, म्हणजे ते प्रयोगशाळेत वाढवून, तपासून. औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा नि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवा, हवा मात्र जोरात सोडा. बरीच प्रतिजैविकं फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतात, म्हणून रोज अमोनिया मोजा, पाणी बदला, आणि बदललेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा घाला. चट्टा फिका पडला म्हणून मधेच थांबवू नका.

या माशांना जठर नसतं. अन्न झटकन पुढे सरकतं, त्यामुळे उपास त्यांना सोसत नाही. वितळवलेलं मायसिस दिवसातून दोन-तीनदा द्या, नाकारलं तर जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी. तिच्याबरोबर व्हिब्रिओ येतात, म्हणून स्वच्छ पाण्यात नीट धुऊन घ्या. उरलेलं लगेच उपसा.

मासा आठवडेच्या आठवडे खंगत चालला, अंगावर गाठी आल्या, तर मायकोबॅक्टेरिया या दुसऱ्या जिवाणूंचा संशय घ्या. त्यावर औषधं फारशी चालत नाहीत. त्यांतला मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो. बोटावरची गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांना मासे पाळता हे आवर्जून सांगा.

नवा मासा सहा ते आठ आठवडे वेगळाच ठेवा. समुद्रातून पकडलेले पाइपफिश आणि टाकीत जन्मलेले समुद्रघोडे शक्यतो एकत्र करू नका. एकाच्या सवयीचे जंतू दुसऱ्याला झेपत नाहीत.

कातडी भरून आली, मासा नेहमीसारखा खायला लागला, की तापमान हळूहळू पूर्ववत करा. तेवढ्या काळात मुख्य टाकीच्या कोपऱ्यांतली घाण उपसून काढा आणि मगच त्याला परत सोडा.