सबटायटल करताना प्रेक्षक क्रियापदासाठी थांबत नाही

इंग्रजी भाषणांना मराठी सबटायटल द्यायला लागलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात: सॉफ्टवेअर कोणतं, कोर्स कोणता, पैसे किती. सॉफ्टवेअरचं पटकन सांगते. 'सबटायटल एडिट' फुकट आहे आणि पुरेसं आहे. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. डीटीपीतून आलेल्यांनी जुन्या फॉण्टमधला मजकूर तसाच चिकटवू नये, युनिकोडच हवं. झालं.

कोर्सबद्दल माझं मत कडू आहे. पैसे भरून जे शिकवतात ते बटणं कुठली दाबायची एवढंच असतं. त्यापेक्षा टेडकडे, म्हणजे छोटी भाषणं भरवून ती ऑनलाइन दाखवणाऱ्या संस्थेकडे जा. २००९ पासून ते स्वयंसेवकांकडून भाषणांची भाषांतरं करून घेतात आणि तुमचं काम दुसरा अनुभवी स्वयंसेवक तपासतो. पैसा मिळत नाही, पण तपासणारा चांगला भेटला तर कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त मिळतं. चांगला म्हणजे ओळ का बदलली ते लिहिणारा. गुपचूप बदलून मंजूर करणारा कितीही ज्येष्ठ असो, त्याच्याकडून काही हाती लागत नाही. आणि यूट्यूबवर कुणाच्याही व्हिडिओला सबटायटल पाठवायची सोय सप्टेंबर २०२० मध्येच बंद झालीय. जुन्या लेखांत ती अजून सापडते, शोधत बसू नका.

आता जिथे मी बराच काळ अडकून पडले होते तिथे येते. इथे थोडं लांबण लावणार आहे.

टेडच्या नियमानुसार एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी आणि वाचायचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २१ अक्षरं. म्हणजे दोन ओळी भरल्या तर त्या किमान चार सेकंद पडद्यावर राहायला हव्यात. हे सगळे पाळतात. पण इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि आपला 'नाही' शेवटी. समजा, वक्ता म्हणतोय की शाळा सोडलेली मुलं आळशी होती असं त्याला वाटत नाही. शाळेत शिकलेल्या व्याकरणाने तुम्ही लिहिता, 'ज्या मुलांनी शाळा सोडली ती आळशी होती'. मग तुकडा, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणारा मजकूर, संपतो, आणि पुढच्या तुकड्यात 'असं मला वाटत नाही' येतं. मधले तीन-चार सेकंद प्रेक्षक वक्त्याचं नेमकं उलटं मत वाचत असतो. भाषांतर अचूक, वेग अचूक, आणि माणूस मात्र खोटा ठरला.

हसण्याच्या जागी तर याहून वाईट होतं. वक्ता म्हणतो, मला पहिली नोकरी ज्याने दिली तो तोच माणूस, ज्याच्यावर माझ्या वडिलांनी दावा लावला होता. मजा शेवटच्या शब्दात आहे. 'ज्याच्यावर बाबांनी दावा लावला होता, त्यानेच मला पहिली नोकरी दिली' असं सरळ मराठी केलंत की मजा आधीच फुटते, आणि सभागृह हसतं तेव्हा पडद्यावर 'नोकरी दिली' एवढंच उरलेलं असतं.

यावर उपाय बोलीत आहे, व्याकरणाच्या पुस्तकात नाही. घरात आपण सर्रास म्हणतो, 'मला नाही वाटत ती मुलं आळशी होती म्हणून.' नकार पहिल्या तुकड्यात आला, काम झालं. दुसऱ्याचं असं करा: 'मला पहिली नोकरी कोणी दिली?' आणि पुढच्या तुकड्यात, 'बाबांनी ज्याच्यावर दावा लावला होता त्याने.' कुणी म्हणेल ही प्रमाण मराठी नाही. म्हणू द्या. भाषण हे बोलणंच असतं ना? म्हणून तुकड्यांची वेळ ठरवण्याआधी पूर्ण वाक्य ऐका, ते मराठीत मोठ्याने बोला आणि मगच कुठे तोडायचं ते ठरवा. ओळीखाली ओळ भरत गेलात की फसलात.

यंत्राकडून भाषांतर घेऊन नंतर नीट करू, हा शॉर्टकट याच कारणाने महाग पडतो. यंत्र बऱ्याचदा तुकड्यागणिक भाषांतर करतं. मग शब्द दुरुस्त करायला सोपे जातात, पण वाक्यांची मोडलेली रचना मुळापासून उभी करावी लागते.

घाबरू नका मात्र. अक्षरं मर्यादेबाहेर गेली म्हणून सॉफ्टवेअर तुमची ओळ लाल दाखवतं तेव्हा दर वेळी चूक तुमचीच असते असं नाही. 'स्त्री' आपल्याला एका नजरेत दिसते, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. बरीच सॉफ्टवेअर सहाच मोजतात. जोडाक्षरं भरपूर असतील तर आकडा फुगतो. थोडा लाल रंग दिसला म्हणून चांगलं वाक्य छाटू नका, आधी फोनवर आवाज बंद करून वाचून बघा. इंग्रजी न येणारं कुणी घरात असेल तर त्यांना दाखवा. माझी आत्या जिथे 'मागे घे गं' म्हणते ती ओळ मी बदलते, रंग हिरवा असला तरी.

पैशांचं शेवटी. दर मिनिटाला असतो, पण ते मिनिट व्हिडिओचं, तुमचं नव्हे. सुरुवातीला दहा मिनिटांच्या भाषणाला अख्खा दिवस जातो, तेव्हा दर ऐकून हुरळू नका आणि चाचणीच्या नावाखाली पूर्ण व्हिडिओ फुकट करून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पहिलं काम एकच वक्ता असलेलं, माहितीतल्या विषयाचं, दहा मिनिटांच्या आतलं घ्या. स्टँडअप इतक्यात नको, तिथे दर पंधरा सेकंदांनी तो बाबांचा दावा उभा असतो.