पिकअप घेताय? आधी ड्रायव्हरचं दार उघडा

अमेरिकेत पहिला फुल-साइझ पिकअप घेताना आपली मंडळी हॉर्सपॉवर विचारतात आणि तिथेच फसतात. २०२४ ची फोर्ड एफ-१५० घ्या. ५ लिटरचा आठ सिलिंडरचा व्ही-८ आणि ३.५ लिटरचा सहा सिलिंडरचा टर्बो (हवा दाबून आत भरणारा) व्ही-६, म्हणजे फोर्डचा 'इकोबूस्ट', दोन्ही ४०० हॉर्सपॉवरचे. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मात्र व्ही-८ चा ४१० पाउंड-फूट आणि टर्बोचा ५००, तोही हजारभर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आधीच. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. मागे कॅम्पर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडून डेन्व्हरहून आय-७० हायवेने रॉकी पर्वतातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागलात की जाणवतं. बोगदा ११ हजार फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत बिनटर्बोच्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद जाते. टर्बो ती बरीचशी भरून काढतो, पण ओझं ओढताना पेट्रोलही ढसाढसा पितो. 'इकोबूस्ट'मधलं इको आणि बूस्ट एकदम मिळत नाही, हे विकणारा सांगत नाही.

टेक्ससच्या सपाटीवर रिकामीच फिरवायची असेल तर व्ही-८ घ्या, भानगडी कमी.

गिअर मोजत बसू नका. त्याच वर्षीच्या शेवरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये २.७ लिटरच्या टर्बोला ८ गिअर, ५.३ लिटरच्या व्ही-८ ला १०. तरी टॉर्क ८ वाल्याचाच जास्त: ४३०, समोर ३८३. विचारायचा तो एक्सल रेशो, म्हणजे चाकं एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो; आकडा मोठा तेवढा ओढायला जोर जास्त. रॅम १५०० पिकअपचं ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ इंजिन ३.२१ लाही मिळायचं आणि ३.९२ लाही, इंजिन तेच, पण ओढण्याच्या क्षमतेत हजारो पाउंडांचा फरक.

चढावर गिअर सारखे वर-खाली होतायत? 'गिअरबॉक्स गेला' म्हणून मेकॅनिककडे धावण्याआधी टो/हॉल मोडचं (ओझं ओढण्यासाठीचं) बटण दाबलंय का ते बघा. त्या मोडमध्ये गिअर उशिरा बदलतात आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. तरीही झटके बसले तर गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या ऑइलची पातळी तपासून घ्या.

मुलांची शाळा आणि किराणा एवढ्यासाठी डिझेल नको. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर नीट तापला तरच साफ होतो; दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

आता माझा गाढवपणा. ब्रोशरमध्ये ११ हजार पाउंड ओढण्याची क्षमता वाचून मी निश्चिंत होतो. दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचलं ते पहिल्या ट्रिपच्या सकाळी: माणसं आणि सामान मिळून १,४८० पाउंड. कॅम्पर ७,००० चा, त्याचे १३ टक्के हिचवर (मागच्या जोडणीवर), म्हणजे ९१०, आणि तेही याच १,४८० मध्ये धरायचे. आम्ही चौघं ५६०. उरले १०. कूलर, सायकली आणि आईने भरून दिलेले डबे अजून ड्राइव्हवेवरच होते.