घरच्या मक्याचं बी कसं धरावं

मक्याचं बी उभ्या पिकात निवडावं. खळ्यावर पडलेलं कणीस मोठं की बारीक एवढंच कळतं. पावसाने ओढ दिली तेव्हा ते ताट, म्हणजे मक्याचं उभं झाड, तगलं का, वाऱ्यात लोळलं का, हे रानातच दिसतं. आमच्या धडगावच्या डोंगरउतारावर तेच बघावं लागतं. म्हणून कणसं भरताना रानात फिरून चांगल्या ताटांना चिंधी बांधून ठेवायची. ही निवड बायकांनीच करावी असं मी ठामपणे म्हणते. कुठल्या मक्याची भाकरी थापताना चिरत नाही, हे जी रोज थापते तिलाच ठाऊक.

मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात. शेजारी संकरित मका असेल तर मध्ये निदान २०० मीटर अंतर हवं. डोंगरात एवढी जागा कुणाची? मग पेरा तीन आठवडे मागेपुढे करा, म्हणजे दोन्हीकडचे तुरे एका वेळी येत नाहीत. बांधाकडच्या ओळी खायला, बी मधल्या रानातलं. पांढऱ्या कणसात एखादा पिवळा दाणा दिसला की समजा, बाहेरचा पराग बसला. असे दाणे वेचून काढा.

कळकळीने सांगते, चार-पाच टपोरी कणसं घेऊन बी धरू नका. थोड्याच ताटांवरून बी धरत गेलं तर काही वर्षांत वाण खचतो, ताटं खुजी होतात. कमीत कमी पन्नास ताटांची कणसं घ्या, शंभरांची असतील तर उत्तम.

दाणा उपटून बुडाशी काळी रेघ दिसली की कणीस पक्कं झालं. पानं मागे सोलून, वेणी घालून चुलीवर टांगा; धुराने सोंडे लागत नाहीत. वाळलेला दाणा दाताखाली कट्ट वाजतो. शेंड्याचे, बुडाचे दाणे सोडून मधले हाताने सोला, काठीने झोडपू नका. चाळलेली कोरडी राख मिसळून शेणाने लिंपलेल्या कणगीत भरा.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ऐंशी-नव्वद उगवले तर बिनधास्त पेरा.

थोडं बी दुसऱ्या घरी जरूर ठेवायला द्या, एका घरचं गेलं तर तिथून परत मिळतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचं बी राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आपल्याला आहे. देताना मात्र सांगून द्या: किती दिवसांत तुरा येतो, कुठल्या जमिनीत चांगला येतो, भाकरीला बरा की भाजून खायला.